बहात्तर महाराज

पहाटे ४:१०

व्हरांड्यात एकच बल्ब जळतोय. त्याखाली मृदंगमहाराज उभे. वय चोवीस. पायजमा, बनियन, खांद्यावर पंचा, हातात टाळ. इथं घंटा नाही, शिट्टी नाही. टाळ एकदाच जोरात वाजतो आणि तीन वर्गखोल्यांतली बहात्तर पोरं एका सुरात कण्हतात.

"उठा महाराज. काकड्याची वेळ झाली."

शिबिरात सगळेच महाराज. शिकवणारेही महाराज, नाक ओढत उठणारा तिसरीतला पोरगाही महाराज. "अहो महाराज, चड्डी सरळ करा" असं वाक्य इथं न हसता बोलतात.

मंगळवेढा तालुक्यातलं हे गाव. शाळा जिल्हा परिषदेची, मे महिन्यात रिकामी. आधी मंगल कार्यालय बघितलं होतं, पण लग्नाच्या तारखा दाट. शाळा फुकट मिळाली. अट एकच, खिडकीची काच फुटली तर भरून द्यायची. वारकरी बाल संस्कार शिबिर, निवासी, एकवीस दिवसांचं. फी २,१०० रुपये. ज्याला जमत नाही त्यानं अर्धं पोतं ज्वारी आणायची. आज नववा दिवस.

पोरांच्या अंगावर सोलापुरी चादरी. कितीतरी घरांतून आल्या तरी फुलं तीच, रंग तेच. पहिल्या दोन दिवसांत चादरींवरून मारामाऱ्या झाल्या. तेव्हापासून प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यावर मार्करनं नंबर टाकलाय. आज एक चादर ओली आहे. मृदंगमहाराज काही बोलत नाहीत. ती उचलून बादलीत टाकतात आणि तिच्या मालकाला म्हणतात, "पळ, हौदाकडं बघून ये, पाणी आलं का." पोरगा पळतो. बाकीचे डोळे चोळतायत तोवर चादर पाण्याखाली गेलेली असते.

४:३५

या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची. शेजारच्या मळ्यातली मोटार मध्यरात्रीनंतर सुरू झाली आणि आता हौद काठोकाठ आहे. पुढच्या आठवड्यात लाईट दिवसा येईल, तेव्हा आंघोळी संध्याकाळी. शिबिराचं वेळापत्रक भिंतीवर छापील आहे. त्यावर महावितरणचं वेळापत्रक बसवायचं काम मृदंगमहाराजांचं.

एका वेळी बारा जण. तीन तांबे अंगावर, साबण, चार तांबे, बाजूला. मोठी पोरं लहानांची डोकी चोळतात. मग सहाणेवर गोपीचंदन उगाळलेलं असतं, त्याचा टिळा, खाली बुक्का. पांढरा शर्ट, पायजमा, टोपी. ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे तो ती ओल्या अंगानं चाचपून बघतो.

५:१५

काकडा. अजून अंधारच. आवाज अर्धे झोपेत. मृदंगमहाराज वाजवतात आणि डोळ्यानं मोजतात. एकाहत्तर. एक पोरगा संडासात झोपलाय. त्याला आणायला दुसरा जातो.

६:३०

गीतेचे अध्याय, बारावा आणि पंधरावा. दोन्ही वीस-वीस श्लोकांचे म्हणून लहानांना हेच देतात. हे काम गायनाच्या महाराजांचं. मृदंगमहाराजांना अर्धा तास मोकळा. ते चहा घेतात, दाढी करतात, तीन फोन बघतात. तिन्ही कीर्तनाचे नाहीत. एक रिचार्जचा आहे.

७:४५

नाश्त्याला सुशीला. चुरमुरे भिजवून पिळलेले, हळद, मिरची, डाळव्याचं कूट. पुण्याकडचं कुणी आलं की त्याला समजावून सांगावं लागतं. इथं सांगावं लागत नाही. पोरं दुसऱ्यांदा मागतात.

स्वयंपाकाच्या मावशी गावातल्याच. पाचशे रुपये रोज. हाताखाली दोघी, त्यांना तीनशे-तीनशे. "खुरपायला गेलं तर बी तीनशेच," त्यातली एक म्हणते, "पर उन्हाळ्यात खुरपायला हाय काय?" चूल शाळेमागं, पत्र्याच्या आडोशाला. जळण तुराट्यांचं आणि बाभळीचं. गॅसची टाकी फक्त चहाला आणि पावसाची भीती वाटली तर.

मावशींच्या उजव्या हाताला परात आहे. तिच्यात कणकेचा मोठा गोळा, ओल्या फडक्याखाली. मऊ, सैल, मीठ नाही, तेल नाही. ही चपात्यांची कणीक नव्हे.

"ही त्येंच्या ढोलक्यांची," मावशी म्हणतात.

"मावशी, पखवाज म्हणा," मृदंगमहाराज म्हणतात.

"पखवाज म्हनलं तर पीठ कमी लागंल का?"

९:००

वर्ग पाचवीचा. सतरंजीवर सव्वीस पोरं, पखवाज अकरा. चार देवळाचे, बाकीचे पोरांनी घरून आणलेले. ज्यांच्याकडं नाही ते मांडीवर वाजवतात. दर वीस मिनिटांनी बदली.

आधी कणीक. पखवाजाच्या उजव्या पुडीवर शाई असते, लोखंडाच्या किसाची आणि भाताच्या खळीची, ती कायमची. डाव्या पुडीला, म्हणजे धुमाला, वाजवण्याआधी दर वेळी कणीक लावायची. चेंडूएवढा गोळा घ्यायचा, मधोमध ठेवायचा, ओल्या बोटांनी पसरायचा. कडा पातळ, मध्ये जाड. चामड्यावर वजन पडलं की आवाज खाली उतरतो आणि खर्जात घुमतो. कमी लावली तर धूम पोकळ बोलतो. जास्त लावली तर बोलतच नाही. मेच्या उन्हात अर्ध्या तासात ती सुकते, कडेनं उचलते, मग पाण्याचा हात फिरवायचा.

पोरांना हा भाग फार आवडतो. कणकेशी खेळायला मिळतं. एकानं तिचा विठोबा केलाय, कमरेवर हात ठेवलेला. मृदंगमहाराज बघतात, मान हलवतात आणि त्या विठोबाला धुमावर थापतात.

अकरा पखवाज, दिवसातून दोनदा. मावशींच्या हिशेबानं दीड किलो पीठ. साठ रुपयांचं. एकवीस दिवसांचे बाराशेसाठ. जमाखर्चाच्या वहीत पखवाजाचं पीठ असा रकाना नाही. ते किराण्यात जातं. वाजवून झालं की कणीक खरवडून काढतात, तिचे खडे मावशींच्या कोंबड्या खातात.

मग बोल. ता, दिं, थुं, ना. आधी तोंडानं, टाळी देऊन. मग हातानं. मग दोन्ही एकदम. सव्वीस जण एकदम चुकतात तेव्हा मृदंगमहाराज थांबवत नाहीत. चूक पुढं जाऊन आपोआप फुटते, कुणीतरी हसतं, मग पुन्हा ता. मी विचारलं, थांबवत का नाही? म्हणाले, "थांबवलं की पोरगं हाताकडं बघाय लागतंय. हाताकडं बघितलं की गेलं."

बोटं सुजलेली आहेत. नवव्या दिवसापर्यंत सुजतातच. रात्री हळद-तेल लावायचं. बाराव्या दिवशी सूज उतरते, पंधराव्याला भजनी ठेका बसतो, आठ मात्रांचा. एकवीस दिवसांत एवढंच. ज्याला एवढं येतं तो गावच्या हरिपाठाला साथ करू शकतो, आणि बऱ्याच गावांत तेवढ्याचीच गरज असते.

मृदंगमहाराजांना हे येण्यासाठी आळंदीत चार वर्षं लागली. आळंदीला वारकरी शिक्षणाची परंपरा मोठी आहे. जोग महाराजांनी तिथं १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, आणि गावोगावची पोरं आजही शिकायला आळंदीलाच जातात. मृदंगमहाराज माढा तालुक्यातले. बाप कारखान्याच्या ट्रॅक्टरवर, शेत दोन एकर, कोरडवाहू. आळंदीत पहाटे पाठ, दुपारी माधुकरी. झोळी घेऊन दारोदार जायचं, मिळेल ते एकत्र कालवून खायचं. "पहिल्या दिवशी रडलो. दुसऱ्या दिवशी कुठल्या दारी पुरणपोळी असती ते कळलं." इथली बरीचशी घडी त्यांनी तिकडूनच उचलली आहे. माधुकरी मात्र नाही. आई-बाप पोरांना झोळी घेऊ देणार नाहीत.

अकराच्या सुमाराला एक पखवाज गप्प होतो. उजवी पुडी फाटली. पोराचं तोंड पडतं. पखवाज आजोबांचा आहे.

११:४५

पंगत. जेवण रोज वेगळ्या वस्तीकडं. कुणाच्या बापाचं श्राद्ध, कुणाला नातू झाला, कुणाचं बोअरला पाणी लागलं, त्यानं एक पंगत घ्यायची. पंगत घेणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहायचं. आज आमटी, भात, लापशी. वाढायला मोठी पोरं. श्लोक झाल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. श्लोक इतक्या वेगात होतो की देवाला तो कळला असेल का याची शंका यावी.

मृदंगमहाराज शेवटच्या पंगतीला. तोवर लापशी संपलेली. मावशींनी वाटीभर झाकून ठेवलीय.

गेटवर शिबिराचा फ्लेक्स आहे. वर विठ्ठल-रुक्मिणी. त्याखाली नेते, मोठ्या फोटोत. त्याखाली सौजन्यवाले, मध्यम फोटोत. सगळ्यात खाली, तळाच्या पट्टीत, टिकलीएवढ्या फोटोत, मृदंगाचार्य. उन्हानं तो कोपरा आधी पांढरा पडतोय.

दुपारी १:१५

सक्तीची झोप. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश. सोलापूरच्या मेमध्ये याची बातमी होत नाही. खिडक्यांना ओली पोती बांधलीत. पंखे तीन, त्यातला एक फक्त आवाज करतो.

पोरं झोपत नाहीत. कुजबुजतात. कोण कुठला, कुणाच्या घरी किती म्हशी, कुणाच्या बापाकडं कुठली गाडी. कोपऱ्यातला पोरगा सोलापुरातून आलाय, विडी घरकुलातून. आई विड्या वळते, बाप टॉवेलच्या कारखान्यात मागावर. घरी तेलुगू बोलतात. पाठांतरात तो सगळ्यांच्या पुढं. त्याला विचारलं, इथं काय वेगळं वाटतं? म्हणाला, "रात्री माग वाजत नाही. झोप येत नाही पहिली."

मृदंगमहाराज व्हरांड्यात, फाटलेली पुडी मांडीवर. ही दुरुस्त होणारी नाही. नवी पंढरपुरातून आणावी लागणार, नऊशे रुपये. पंढरपूर इथून पंचवीसेक किलोमीटर. उद्या भाजी आणायला टेम्पो जाणार आहे, त्याच्याकडं पैसे द्यायचे. कुणी? पोराचा बाप रविवारी येईल तेव्हा देईल. तोवर महाराजांनी. शिबिराचं त्यांचं मानधन १४,००० ठरलंय, सांगता झाल्यावर मिळेल.

गावोगावच्या सप्ताहांत एका कीर्तनाच्या साथीला त्यांना हजार-बाराशे मिळतात. हंगामात महिन्याला पंधरा-सोळा कीर्तनं. मग शिबिराला का येता? ते वादीचा ताण बोटानं बघतात. "मी ह्यातनंच शिकलो. सहावीत होतो. मोहोळकडं शिबिर होतं. तिथं एकानं मला कणीक लावाय दिली." आणि मग थोड्या वेळानं, "आनि मेच्या शेवटाला सप्ताह कमीच असतेत."

३:००

गोष्टीचा तास. गायनाचे महाराज दामाजीपंत सांगतात. मंगळवेढ्याची गोष्ट मंगळवेढ्यातच सांगायची म्हणजे सोपं काम नाही, पोरांना सगळं माहीत असतं असं पोरांना वाटतं. दुष्काळ पडला. पंतांनी बिदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार लोकांसाठी उघडलं. बादशहा चिडला. मग विठ्ठल विठू महार होऊन दरबारात गेला, धान्याचे पैसे भरले आणि पावती घेऊन आला.

एक हात वर. "पावती कुणाच्या नावानं फाडली?"

दुसरा हात. "महाराज, कारखान्याचे दामाजी हेच का?" त्याचा बाप दामाजी साखर कारखान्यात कामाला आहे.

हेच, महाराज म्हणतात. पोराच्या चेहऱ्यावर बापाविषयी नवा आदर.

चोखोबांची गोष्ट कालच झाली. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. त्यावर कुणी हात वर केला नव्हता.

४:३०

विहीर. शिबिरातला हा एक तास भिंतीवरच्या वेळापत्रकात नाही आणि पोरं तेवढ्यासाठीच घरी जायचं नाव काढत नाहीत. पाणी खोल गेलंय, तरी दोन पुरुष आहे. न पोहणाऱ्यांच्या पाठीला पाच लिटरचे रिकामे डबे बांधलेले. मृदंगमहाराज पाण्यात, पायरीजवळ. एका तुकडीत फार तर दहा. आत जाताना मोजायचे, बाहेर येताना मोजायचे. उडी मारायच्या आधी आरोळी ठोकायची पद्धत आहे. काहींची आरोळी विठ्ठलाची असते. काहींची सिनेमातली. त्यावर बंदी घालून झाली, उपयोग झाला नाही.

मोजणी चुकते. सात आत, सहा बाहेर. मृदंगमहाराज काही न बोलता बुडी मारतात. वर येतात. पुन्हा बुडी. तोवर सातवा मळ्याच्या बांधावर कैऱ्या खाताना सापडतो. त्याला कुणी मारत नाही. मृदंगमहाराज काठावर बसतात. बराच वेळ बसतात. मग म्हणतात, "उद्यापासनं बिल्ले."

५:४५

भाकरी. दुपारी पंगत, रात्री भाकरी, हा करार. गावातल्या चाळीस घरांनी प्रत्येकी पाच-पाच द्यायच्या. मृदंगमहाराज मोटरसायकलवर, मागं एक पोरगा, त्याच्या मांडीवर कापडानं झाकलेली दुरडी. दारात हॉर्न वाजवायचा. बाई भाकरी आणून ठेवते, पोरगा मोजतो. एका दारात चारच मिळतात. "पीठ सपलं, माऊली. उद्या सहा देती." पोरगा वहीत लिहायला लागतो. मृदंगमहाराज त्याच्या हातातून पेन काढून घेतात.

भाकरी मालदांडी ज्वारीची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दारातल्या बाईला ते ठाऊक नसलं तरी पुण्या-मुंबईचे लोक ज्वारी इथून नेतात हे ठाऊक आहे. उरलेल्या भाकरी मावशी तव्यावर कडक करून ठेवतात. त्या सकाळी शेंगाचटणीबरोबर.

पेट्रोल शंभराचं घातलं की तीन दिवस जातं. तेही सध्या त्यांच्याच खिशातून.

६:४०

हरिपाठ. मैदानावर पाण्याचा सडा मारलेला. पोरं समोरासमोर दोन रांगांत, गळ्यात टाळ. मध्ये मृदंगमहाराज, गळ्यात दोरीनं अडकवलेला पखवाज, आठ-दहा किलोचा. मानेवर दोरीचा वळ कायमचा झालाय. रूपाचा अभंग झाला की पावली सुरू होते. एक पाऊल पुढं, एक मागं, वाक, उठ, उडी. नवव्या दिवशी रांग अजून वाकडी आहे. मधला एक पोरगा सतत उलट्या पायानं. त्याच्यामुळं दोघं पडतात, तिघं हसतात, टाळ मात्र थांबत नाही. नंतर कुठूनतरी लय सापडते. बहात्तर जोड टाळ एका क्षणी एकत्र पडतात आणि गेटवर उभा असलेला दूधवाला किटली खाली ठेवतो.

या वेळी गाव येतं. म्हातारे खुर्च्यांवर, बायका ओट्यावर. बायकांच्या पुढं चौदा मुली, त्याही टाळ घेऊन. त्या फक्त हरिपाठाला येतात आणि साडेसातला घरी जातात. त्यातल्या एकीची पावली सगळ्या रांगेपेक्षा नेटकी आहे. दिवसभर पोरं मुक्ताई आणि जनाबाईचे अभंग घोकतात, पण मुलींना राहायला शिबिरात खोली नाही. मृदंगमहाराजांना विचारलं.

"पुढच्या वर्षी बघू म्हणतेत कमिटीवाले."

"मागच्या वर्षी?"

"मागच्या वर्षीबी हेच म्हणत होते."

८:१५

भाकरी, आमटी, शेंगाचटणी, ताक. ताट ज्याचं त्यानं राखेनं घासायचं. एकजण दुसऱ्याचं घासून देतो, बदल्यात उद्याची सुशीला.

९:१०

पसायदान झालं. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडच्या नऊ ओव्या. लहानांची झोप सहाव्या-सातव्या ओवीला लागते, ओठ पुढं चालू राहतात.

हळद-तेलाची वाटी फिरते. बोटं पुढं करायची. मृदंगमहाराज प्रत्येकाचं बोट दाबून बघतात. एकाचं जास्त दुखतंय. त्याला उद्या टाळ, पखवाज नाही. पोरगा रडवेला होतो. "बोट राहिलं तर पखवाज वाजवशील," एवढंच.

घरच्यांचा फोन फक्त रविवारी. नियम कडक. पण आता मृदंगमहाराजांच्या मोबाइलवर एका आईचा चौथा मिसकॉल. ते बाहेर जाऊन फोन घेतात. "जेवला. दोन भाकरी. हो, झोपलाय. नाही, रडत नाही." पोरगा झोपलेला नाही, पण आईला तेवढं पुरतं. पोराला काही सांगत नाहीत. सांगितलं तर बहात्तर जणांना फोन हवा होईल.

१०:२५

व्हरांड्यात पुन्हा तोच बल्ब. मृदंगमहाराज एका पखवाजाचे गठ्ठे ठोकतायत. वादी सैल झाली होती. छोटी हातोडी, आवाज कमी यावा म्हणून वर फडकं. दोन ठोके, मग बोटानं ता. पुन्हा दोन ठोके. बाराला मोटार सुरू झाली का बघायचं, मग झोप. चारला उठायचं.

फोन येतो. हा कीर्तनाचा. सांगतेच्या दुसऱ्या दिवशी, करमाळ्याकडं, पुण्यतिथीचं कीर्तन. पखवाज पाहिजे.

"बाराशे होतील, माऊली. येण्याजाण्याचं वेगळं."

पलीकडून बराच वेळ बोलणं. मृदंगमहाराज ऐकतात. हातोडी मांडीवर ठेवतात.

"आठशेत कोण येतोय?"

पलीकडून नाव येतं. त्यांना हसू फुटतं. दोन वर्षांमागं हा पोरगा त्यांच्याच शिबिरात होता, दुसऱ्या रांगेत, मांडीवर वाजवायचा.

"घ्या त्याला. हात चांगला हाय. फक्त कणीक लई लावतो, त्येवढं सांगा."